पाइप आणायला माघारी गेलेला रिचर्डसन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

८ ऑक्टोबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत जेम्स क्लेलंड रिचर्डसन हा पाइपर पाइप, म्हणजे बॅगपाइप, वाजवत शत्रूच्या तारेसमोर उभा राहिला, आणि त्यानंतर काही तासांतच नाहीसा झाला. वय वीस. त्याचं नाव मराठी वर्तमानपत्रात छापून आलेलं मी कधी पाहिलं नाही. ते यायला हवं, असं मला फार वर्षं वाटत आलं आहे. पत्र लांबेल. छापताना जागेअभावी कापलंत तरी चालेल. त्याचं नाव आणि शेवटची विनंती मात्र राहू द्या.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. पलटणीत पाइपर होतो. जन्म लालबागचा, वडील गिरणीत साच्यावर, मूळ गाव पाटण तालुक्यात. आता चुनाभट्टीला असतो आणि एका शाळेच्या बँड पथकातल्या मुलांना पाइप शिकवतो. रिचर्डसनची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती बेळगावला, रेजिमेंटल सेंटरमध्ये, उस्तादांच्या तोंडून. परेड संपली होती, आम्ही रिक्रूट पोरं भिंतीच्या सावलीत बसून चँटर, म्हणजे पाइपची बोटांनी वाजवायची नळी, पुसत होतो. उस्ताद मोजकंच बोलणारे. त्या दिवशी मात्र ते बोलत राहिले.

रिचर्डसन जन्माचा स्कॉटिश. ग्लासगोजवळच्या बेल्सहिल गावी नोव्हेंबर १८९५ मध्ये जन्मला. पुढे सगळं कुटुंब कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात गेलं. वडील तिथे चिलिवॅक गावचे पोलीस प्रमुख झाले. युद्ध सुरू झालं तेव्हा पोरगा अठरा वर्षांचा होता आणि पाइप वाजवायचा. सप्टेंबर १९१४ मध्येच तो भरती झाला. त्याची पलटण सोळावी बटालियन, कॅनेडियन स्कॉटिश. कॅनडातली माणसं, पण झगा स्कॉटलंडचा आणि वाद्यही तिथलंच.

त्या सकाळी रेजिना ट्रेंच नावाच्या जर्मन खंदकावर हल्ला होता. खंदकापुढची काटेरी तार आपल्या तोफांनी तुटलेली असेल असं कंपनी धरून चालली होती. ती तुटलेली नव्हती. माणसं तारेपाशी अडकली आणि समोरून मशीनगन सुरू झाली. त्या माळावर लपायला जागा नाही. पडलेल्यांचे आवाज, उरलेले जमिनीला चिकटलेले. रिचर्डसनने कंपनीबरोबर पाइप वाजवत जायची परवानगी आधीच मागून घेतलेली होती. तो उठला आणि तारेच्या बाहेरच्या बाजूने, उघड्यावर, येरझारा घालत वाजवू लागला. त्याला पाहून कंपनी उठली, तारेवर तुटून पडली आणि खंदकात उतरली.

पाइप कधी हातात न धरलेल्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो, कारण यातलं धाडस नुसतं वाचून कळत नाही. पाइपला तीन ड्रोन, म्हणजे लांब नळ्या, असतात, ते खांद्यावर टेकतात आणि एकच सूर धरून ठेवतात. आपल्याकडे सनईवाल्याच्या शेजारी बसून दुसरा माणूस अखंड सूर देतो, तसे. सगळी धून वाजते ती चँटरवर, आणि चँटरवर सूर नऊच. तोंडाने बॅग भरायची, श्वास घेताना काखेने दाबायची, म्हणजे आवाज तुटत नाही. म्हणूनच पाइप मध्येच थांबवता येत नाही. हळूही वाजवता येत नाही, तो वाजला की पूर्ण आवाजात वाजतो. रणांगणावर त्याला नेलं ते याचसाठी, तोफांच्या गदारोळातूनही तो ऐकू जातो. पण वाजवणाऱ्याचं काय होतं ते पाहा. दोन्ही हात गुंतलेले. रायफल चालवता येत नाही. झोपून, वाकून पाइप वाजत नाही, छाती ताठ लागते. आणि तुम्ही कुठे आहात हे शत्रूला डोळे मिटूनही कळतं. मी नवा असताना पंधरा ऑगस्टच्या परेडला, नुसत्या लोकांसमोर, भीतीने माझा श्वास तुटला होता आणि ड्रोन रडल्यासारखे वाजले होते. या पोराचा श्वास मशीनगनसमोर तुटला नाही. त्याच्या सन्मानपत्रात तो अत्यंत शांतपणे वाजवत होता असं म्हटलं आहे. मी पाइपर आहे, मला त्या शांतपणाचं मोल कळतं.

खंदकात उतरल्यावर हातबॉम्बची लढाई सुरू झाली. तिथे हात मोकळे हवेत, म्हणून त्याने पाइप बाजूला ठेवला आणि बॉम्बफेक्यांबरोबर लढला. मग त्याला हुकूम झाला: एक जखमी साथीदार आणि काही कैदी मागे घेऊन जा. तो निघाला. सुमारे २०० यार्ड गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाइप मागे राहिला. बरोबरच्यांनी जाऊ नको म्हणून विनवलं. तो ऐकला नाही. पाइप आणायला माघारी वळला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही.

त्या दिवशी तो खंदक हाती राहिला नाही, उरलेल्या माणसांना मागे यावं लागलं. कॅनडाच्या सैन्याने रेजिना ट्रेंच पूर्ण घेतला तो ११ नोव्हेंबर १९१६ ला. रिचर्डसनला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, जाहीर झाला २२ ऑक्टोबर १९१८ रोजी. त्याचं शव १९२० मध्ये सापडलं. आता तो मिरोमाँजवळच्या अडानॅक लष्करी स्मशानभूमीत आहे, दगडावर नाव आहे.

ही गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली. ऐकणारे बहुतेक एकच म्हणतात: एका वाद्यासाठी जीव घालवला, वेडाच होता. हे मला मान्य नाही आणि ते मोठ्याने सांगायला हवं. पलटणीत पहिल्या दिवसापासून शिकवतात की हत्यार सोडायचं नाही. रात्री कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, रायफल जमा होईपर्यंत ती अंगापासून दूर जात नाही. पाइपरच्या नावावर पाइप असतो. पण नुसता हिशोबाचा प्रश्न नव्हे. आवाज काढणारी पत्ती, म्हणजे रीड, नवी असताना कडक असते. ती आपल्या श्वासाला वळायला दिवसांमागून दिवस जातात. ओल्या हवेत ती जड होते. आमच्या मुंबईत जून ते सप्टेंबर बॅगेला बुरशी येऊ नये म्हणून पोरांना किती जपावं लागतं ते मी रोज पाहतो. तीन ड्रोन एकमेकांशी आणि चँटरशी मिळवणं हे कानाचं काम, ते प्रत्येकाचं वेगळं. दुसऱ्याचा पाइप हातात दिला तर चांगला वाजवणाराही पहिला अर्धा तास चाचपडतो. पुढच्या हल्ल्याला कंपनीपुढे वाजवायचं तर रिचर्डसनला तोच पाइप हवा होता. त्याने जखमी माणसाला सोडून पाइप धरला असता तर मी वेगळं बोललो असतो. त्याने आधी जखमीला घेऊन खंदक सोडला, बरोबरच्यांसह काही अंतर मागे आला, आणि मग आपल्या कामाच्या वस्तूसाठी गेला.

पाइपर, ड्रमर, बिगुलर म्हणजे परेडची शोभा असा समज आपल्याकडे फार आहे. २६ जानेवारीला टीव्हीवर निवेदक पलटणींची नावं, त्यांचे मानसन्मान सांगतो आणि बँड आला की त्या गणवेशाचे रंग सांगतो. पायदळाच्या पलटणीतला पाइपर आधी शिपाई असतो. त्याची फायरिंग होते, तो पेट्रोलिंगला जातो, आणि लढाईत जखमी उचलणं हे त्याच्याकडे येतं. उत्तर सीमेवर असताना मी पाइप कमी आणि स्ट्रेचर जास्त धरलं आहे. चढावर चौघांनी स्ट्रेचर नेताना मागच्या दोघांच्या हातांना काय होतं, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. पहिल्या महायुद्धात सुमारे २,५०० पाइपर आघाडीवर गेले आणि त्यातले सुमारे ५०० मारले गेले, असा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. पाचांतला एक. शोभेच्या माणसांचं असं होत नाही. दुसऱ्या महायुद्धातही हे चालूच राहिलं: २३ ऑक्टोबर १९४२ ला इजिप्तमध्ये अल् अलामेनला ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीच्या पाचव्या बटालियनचा तरुण पाइपर डंकन मॅकिंटायर गोळ्या लागूनही वाजवत राहिला आणि तिथेच पडला. त्याच लढाईत आपली चौथी भारतीय डिव्हिजन रुवैसातच्या धारेवर होती.

पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले पाइपर दोनच. दुसरा डॅनियल लेडलॉ. २५ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत विषारी वायूने कंपनी ढेपाळली, तेव्हा तो खंदकाच्या काठावर चढला, येरझारा घालत वाजवत राहिला, जखमी झाला तरी थांबला नाही. तो वाचला, १९५० पर्यंत जगला. त्याची आठवण इथे काढायचं कारण मुंबई. हाच लेडलॉ तरुणपणी डरहॅम लाइट इन्फंट्रीत साधा शिपाई असताना हिंदुस्थानात होता, आणि १८९८ च्या मुंबईतल्या प्लेगच्या साथीत केलेल्या कामाबद्दल त्याला प्रमाणपत्र मिळालं होतं. १८९६ मध्ये मांडवीत सुरू झालेली ती साथ. आपल्याकडे त्या काळातल्या गोऱ्या सोल्जरांची आठवण चांगली नाही, आणि ती खोटीही नाही. घरांत शिरून केलेल्या तपासण्यांमुळेच पुण्यात चाफेकरांनी २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली. मी त्यांच्याच मातीतला आहे, ते विसरून बोलत नाही. तरीही मुंबईत मरणाच्या साथीत वावरलेला एक पोरगा पुढे लूसला पाइप घेऊन काठावर चढला, हे मला या शहरात राहणारा म्हणून जवळचं वाटतं.

आता रिचर्डसनच्या गोष्टीचा दुसरा भाग, जो आमच्या उस्तादांना कधीच कळला नाही. ते सांगायचे की पाइप सोमच्या चिखलात कायमचा गेला. तो गेला नव्हता. १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या एका पाद्र्याला तो सापडला. तो माणूस युद्धानंतर स्कॉटलंडमध्ये क्रीफ इथल्या आर्डव्रेक शाळेत शिक्षक झाला आणि त्याने तुटका, चिखलाने माखलेला पाइप शाळेत ठेवला. तिथे तो कित्येक दशकं काचेमागे होता. कोणाचा, ते कोणालाच माहीत नव्हतं. २००२ च्या सुमाराला शोध सुरू झाला. बॅगेवरच्या कापडाच्या चौकटी लेनॉक्स टार्टनच्या, म्हणजे एका ठरावीक स्कॉटिश चौकड्याच्या, होत्या, आणि सोळाव्या बटालियनचे पाइपर तेच टार्टन वापरायचे. त्या धाग्यावरून पुढे जात जात तो रिचर्डसनचा पाइप असल्याचं ठरलं. २००६ मध्ये तो कॅनडात परत गेला. ब्रिटिश कोलंबियाच्या विधानभवनात आता तो लोकांना पाहायला ठेवला आहे. हे वाचलं त्या दिवशी मला उस्तादांची फार आठवण आली. ते तेव्हा हयात नव्हते. असते तर बेळगावला जाऊन सांगितलं असतं.

संपादक महोदय, एका विशीतल्या साध्या शिपायाचं इतकं सगळं राहिलं. नाव राहिलं, कबर राहिली, वाद्य राहिलं, त्या बॅगेच्या कापडाची चौकटसुद्धा राहिली. याचा मला हेवा वाटत नाही, आनंद वाटतो. असंच असायला हवं. आणि म्हणूनच आपल्या माणसांचं काय राहिलं, हा विचार मनातून जात नाही.

त्याच महायुद्धात, त्याच १९१६ सालात, आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीकाठी कूत अल् अमाराला तुर्कांच्या वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. सहाव्या पूना डिव्हिजनचे हे लोक. घोडे-खेचरं खाऊन दिवस काढले आणि २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट. त्यात किती गेले. त्यांना सोडवायला जी फौज खालून येत होती तिच्यात ब्लॅक वॉच आणि सीफोर्थ हायलंडर्स या स्कॉटिश पलटणी होत्या. त्या वाटेत एवढ्या कापल्या गेल्या की उरलेल्या दोन्हींची मिळून एकच हायलंड बटालियन करावी लागली. म्हणजे आमच्या सातारा-रत्नागिरीच्या माणसांना वाचवायला पाइपवाल्या पलटणी मेल्या. हे नातं पुस्तकात शोधावं लागतं, आपल्याकडे कोणी सांगत नाही.

त्या आघाडीवर मेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. ४०,००० हून जास्त माणसांचं. तिथे स्कॉटिश शिपायाचं नाव कोरलेलं आहे, अगदी साध्या प्रायव्हेटचंसुद्धा. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली नुसते आकडे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हे मान्य केलं आणि या असमान वागणुकीबद्दल माफी मागितली. माफी मागितली हे चांगलं झालं. आपणही आत पाहायला हवं. आपल्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा वेशीजवळच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यातली इतकी मेली. माझ्या गावीही आहे. लहानपणी तिच्यावर पाय ठेवून आम्ही आंब्यावर चढायचो. तिच्यावर एकही नाव नाही, आणि गावानेही शंभर वर्षांत खाली दुसरी पाटी लावून नावं लिहिली नाहीत. मेलेल्यांत बिगुलर असणारच, लाइट इन्फंट्रीच्या पलटणीत सगळे हुकूम बिगुलावर चालायचे. आजही आमच्या टोपीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. कोण होते ते?

म्हणून विनंती अशी. येत्या ११ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्या दिवसापर्यंत, आपल्या वाचकांना आवाहन करा. ज्यांचे पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा फौजेत बिगुल, ढोल, पाइप किंवा कोणतंही वाद्य वाजवत होते आणि युद्धात गेले, त्यांनी चार ओळी लिहून पाठवाव्यात: नाव, गाव, पलटण, वाद्य. पलटण ठाऊक नसेल तरी नाव आणि गाव पाठवा. आपण ती नावं छापा, रोज चार का होईना. छापलेलं कात्रण बेळगावच्या सेंटरला पाठवायचं काम मी अंगावर घेतो. आमच्या शाळेतली मोठी मुलं तयार आहेत. आलेली पत्रं गावांप्रमाणे लावायला ती मला मदत करतील. रिचर्डसनबद्दल त्यांना सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं की आपल्यातला कोण असा होता. मला नाव सांगता आलं नाही.

घरात शोधताना कुठे पाहायचं तेही लिहितो, कारण माहिती बहुतेक वेळा घरातच असते. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे रेघा असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. भिंग धरलं तर वाचता येतं. मेलेल्या शिपायाच्या घरी एक मोठी ब्राँझची चकती आलेली असायची, तळहाताएवढी, तीवर ब्रिटानिया आणि सिंह, आणि बाजूच्या चौकटीत त्याचं नाव उठावदार अक्षरांत. कित्येक घरांत ती देव्हाऱ्याच्या मागे किंवा ट्रंकेच्या तळाशी पडलेली असते, कोणाचं नाव ते कोणी वाचलेलं नसतं. चांदीची मेडलं बरीच मोडीत गेली. जी उरली असतील ती कृपा करून विकू नका. आणि दिवाळीच्या साफसफाईत हाताला लागली तर चिंच किंवा ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि आधी कडेचा फोटो काढा.

आपला,
एक निवृत्त हवालदार (पाइपर), मराठा लाइट इन्फंट्री
चुनाभट्टी, मुंबई